नियतकालिकाकडे कविता पाठवताना: निवड, फाइल, प्रतीक्षा, प्रूफ

तिरपी_रेघ (धागाकर्ता)

कविता लिहिण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. लिहून झालेली कविता छापील अंकात धडपणे पोचावी म्हणून काय करावं लागतं, याबद्दल मात्र फारसं कुठे सापडत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना जे पक्कं माहीत आहे ते त्यांनी भर घालून सांगावं.

कथेत किंवा लेखात ओळ कुठेही तुटली तरी काही बिघडत नाही. कवितेत ती कुठे तुटायची हे कवीनं ठरवलेलं असतं. त्यामुळे गद्य पाठवण्याची रीत कवितेला पुरत नाही. निवडीपासून प्रुफापर्यंतची (म्हणजे छपाईआधी तपासायच्या पानापर्यंतची) सगळी खटपट त्या ओळीसाठी आहे, असं धरून पुढचं वाचा.

आधी त्या नियतकालिकाचे अलीकडचे दोन-तीन अंक वाचा. वाचताना मोजमाप घ्या. एका अंकात किती कविता आहेत? एका कवीची एकच घेतात की दोन-तीन? मोठ्यात मोठी कविता किती पानांची आहे? वृत्तातलं छापतात का? कवितेचं पान एका रकान्याचं आहे की दोन? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि लांब ओळींची कविता अरुंद रकान्यात गेली की हमखास मोडते.

मग नियमावली. पाठवण्याचा काळ, कवितांची संख्या, फाइलचं स्वरूप, कवीचं नाव फाइलवर हवं की नको (काही ठिकाणी नाव झाकून वाचतात), तीच कविता दुसरीकडे पाठवलेली चालते का, समाजमाध्यमांवर टाकलेली चालते का, मानधन, उत्तराची मुदत. नाव झाकून वाचणाऱ्या ठिकाणी फाइलच्या नावात आणि तळटीपेतही आपलं नाव राहू देऊ नका. तेवढ्यावरून कविता बाजूला ठेवली जाऊ शकते.

सोबतचं पत्र शंभर शब्दांच्या आत बसवा. असं चालेल:

«स. न.
आपल्या अंकासाठी चार कविता पाठवत आहे: 'उतरण', 'मोजपट्टी', 'दाराआडचं', 'उशिरा'. चारही अप्रकाशित आहेत आणि समाजमाध्यमांवर टाकलेल्या नाहीत. 'उशिरा' आणखी एका नियतकालिकाकडे विचाराधीन आहे. तिकडे स्वीकारली गेल्यास त्याच दिवशी कळवीन. 'दाराआडचं'मधली बोलीतली रूपं मुद्दाम योजलेली आहेत, ती तशीच ठेवावीत. परिचय आणि संपर्क खाली दिला आहे.»

यात कवितेचा अर्थ सांगितलेला नाही, अंकाची स्तुती नाही, 'नवोदित आहे, सांभाळून घ्या' नाही. परिचय तृतीयपुरुषी, चाळीस-पन्नास शब्दांचा. आधी काही छापून आलेलं नसेल तर तो विषयच काढू नका. नाव, गाव, काम एवढं पुरतं.

आणि पहिल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा. त्यात प्रत्येक कवितेला एक ओळ द्या. पाठवलेल्या संचाला एक ओळ दिली की पुढे घोळ होतो, कारण चारांतली एकच स्वीकारली जाते आणि उरलेल्या तीन मोकळ्या होतात. रकाने असे: कविता, मसुद्याचा क्रमांक, कुठे, कोणत्या तारखेला, एकाच वेळी दुसरीकडे चालतं का, उत्तराची मुदत, उत्तर, छापून आल्यास अंक आणि पृष्ठ. मसुद्याचा क्रमांक विसरू नका. पाठवल्यानंतर ओळ बदलली गेली आणि जुना मसुदाच छापला गेला, तर दोष कोणाचा हे ठरवायला तोच कामी येतो.

---

पागोळी

धाग्याबद्दल आभार. दोन प्रश्न. नियमावलीत आकडा दिलेला नसेल तर किती पाठवाव्यात? एकच उत्तम पाठवली तर जास्त लक्ष जाणार नाही का? आणि क्रमाला काही अर्थ असतो का?

---

पोचपावती

पागोळी, तीन ते पाच. एकाच कवितेवरून हात कळत नाही. ती जमून गेलेली आहे की कवी सातत्यानं तसं लिहितो, हे संपादकाला पाहायचं असतं. दहा पाठवल्या तर निवडण्याचं काम तुम्ही संपादकावर ढकललं असा अर्थ होतो, आणि त्या दहांतल्या कच्च्या कविता चांगल्यांनाही खाली ओढतात.

क्रमाला नक्कीच अर्थ असतो. सगळ्यांत बळकट कविता पहिली. वाचन कधीकधी तिथेच थांबतं, हे कटू असलं तरी खरं आहे. सर्वांत लांब कविता पहिली ठेवू नका. शेवटी दुसऱ्या क्रमांकाची बळकट कविता ठेवा. मिटताना तीच डोक्यात राहते.

बहुतेक वेळा संचातून एक किंवा दोनच घेतल्या जातात. म्हणून प्रत्येक कविता एकटी उभी राहायला हवी. एकमेकींवर रेललेली मालिका असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा: 'या पाच एकत्रच छापाव्यात ही विनंती'. मग त्या सगळ्या नाकारल्या जाण्याची शक्यताही वाढते, हे धरून चाला.

आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. अंकाची पानं ठरलेली असतात. एका पानात बसणारी कविता लावायला सोपी जाते. पान भरून पुढच्या पानावर चारच ओळी सांडणारी सगळ्यांत अवघड, कारण त्या चार ओळींखालची जागा कशानं तरी भरावी लागते. यासाठी कविता कापू नका. पण दोन कविता तुमच्या मते सारख्याच चांगल्या असतील, तर निवडताना हे लक्षात असू द्या.

---

अर्धचंद्र

फाइलबद्दल सविस्तर लिहितो, कारण देवनागरी कवितेचं निम्मं नुकसान इथे होतं.

युनिकोडातच टाइप करा. जुन्या फाँटांत (कृतिदेव, शिवाजी वगैरे) देवनागरी आकार रोमन कळांच्या सांकेतिक क्रमांकांवर बसवलेले असतात. समोरच्याकडे तो फाँट नसेल तर कवितेऐवजी रोमन अक्षरांची रास दिसते. युनिकोडात देवनागरीला ०९०० ते ०९७एफ असा स्वतःचा पट्टा आहे, त्यामुळे फाँट बदलला तरी अक्षर तेच राहतं.

पण काम तेवढ्यावर संपत नाही. काही ठिकाणी अंक अजून पेजमेकर या पानं मांडण्याच्या जुन्या प्रणालीवर लागतो. त्याची शेवटची सातवी आवृत्ती २००१ सालची, आणि तिला युनिकोड कळत नाही. मग तुमचा युनिकोड मजकूर परिवर्तकातून जुन्या फाँटात नेतात, आणि तिथे अक्षरं पडतात. कुठली पडतात ते ठरलेलं आहे:

ऱ्य आणि ऱ्ह. हा अर्धा र युनिकोडात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. परिवर्तकानं ते अदृश्य चिन्ह गाळलं की र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या' लिहिलेलं 'दर्या' छापलं जातं. डोंगरामधल्या दऱ्यांचा समुद्र होतो, आणि वाचकाला चूक झाली आहे अशी शंकाही येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

ॲ. याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक आहे. काहीजण अ आणि वरचा चंद्र जोडून तो बनवतात. दिसायला सारखाच, पण परिवर्तकाला दोन्ही ओळखता येतीलच असं नाही.

अवग्रह (ऽ) आणि लांब रेघ. हे दोन्ही कधी गळतात, कधी त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह येतं.

इनडिझाइन या नंतरच्या मांडणी-प्रणालीवर अंक लागत असेल तर युनिकोड चालतं. पण जुन्या आवृत्त्यांत परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' लावलेला नसला तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला बसते आणि जोडाक्षरं हलन्त घेऊन सुटी होतात. हे कवीच्या हातात नाही, पण प्रुफात असं दिसलं तर मांडणी करणाऱ्याला नेमकं कारण सांगता येईल.

ओळ आणि कडवं. कडव्यातल्या प्रत्येक ओळीनंतर शिफ्ट धरून एंटर, आणि कडवं संपल्यावर साधा एंटर. म्हणजे एक कडवं हा एक परिच्छेद राहतो. प्रत्येक ओळीला साधा एंटर दिला तर प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद होते. मांडणी करताना रिकाम्या ओळी एकगठ्ठा काढून टाकल्या की कडवी एकमेकांना चिकटतात. संरेखन डावीकडे ठेवा. दोन्ही कडा जुळवलेला मजकूर आणि शिफ्ट-एंटर एकत्र आले की तीन शब्दांची ओळ पानभर ताणली जाते.

आत सरकवलेल्या ओळी. स्पेसबार दाबून ओळ सरकवू नका. वेबपानावर लागोपाठच्या रिकाम्या जागांची एकच जागा होते. टॅब वापरा आणि शेजारी पीडीएफ जोडा. ही तीन ओळींची रचना बघा:

पाऊस थांबल्यावरही पागोळ्यांतून
पडत राहतं
        थोडं आभाळ

अरुंद रकान्यात पहिली ओळ मावली नाही, की 'पागोळ्यांतून' खाली येतं. तीनच्या चार ओळी होतात, आणि 'पागोळ्यांतून' हा एकटा शब्द कवीनंच तोडून ठेवला आहे असं वाटतं. शिवाय टॅब गळला की 'थोडं आभाळ' डाव्या कडेला चिकटतं आणि त्या ओळीचं खाली ठिबकणं संपतं. म्हणून लांब ओळ मावत नसेल तर तिचा उरलेला तुकडा आत सरकवून घ्यावा, अशी सूचना फाइलमध्ये लिहा. सरकवलेला तुकडा पाहून वाचकाला कळतं की ही मागचीच ओळ आहे. पण ज्या कवितेत आधीच सरकवलेल्या ओळी आहेत तिथे ही युक्ती गोंधळ करते; तिथे अक्षराचा आकार अर्ध्या-एक पॉइंटनं कमी करायला सांगणं बरं.

पानं. नवी कविता नव्या पानावर. कविता दुसऱ्या पानावर जात असेल तर पहिल्या पानाच्या तळाशी कंसात लिहा: 'नवं कडवं' किंवा 'कडवं पुढे चालू'. हे नसेल तर पान उलटताना कडवं तुटलं की नाही हे मांडणी करणाऱ्याला अंदाजानं ठरवावं लागतं.

पाठवताना डॉक्स आणि पीडीएफ दोन्ही. पहिली उचलायला, दुसरी ताडून पाहायला.

---

पागोळी

काही अंक व्हॉट्सॲपवर कविता मागवतात. तिथे काय करावं?

---

अर्धचंद्र

फाइल जोडूनच पाठवा. संदेशात चिकटवलेली कविता मोबाइलच्या रुंदीप्रमाणे मोडून दिसते, आणि तिथून नक्कल करून पुढे नेताना टॅब जातात. मजकूरच मागितला असेल तर तो द्या आणि खाली पीडीएफ जोडून लिहा: 'ओळींची रचना पीडीएफप्रमाणे'.

---

पागोळी

समजलं. पुढचा प्रश्न, जो बहुतेकांना पडत असेल: फेसबुकवर टाकलेली कविता अप्रकाशित धरतात का? आणि काढून टाकली तर?

---

पोचपावती

प्रत्येक नियतकालिक वेगळं ठरवतं, म्हणून नियमावली बघणं आलंच. साधारण तीन तऱ्हा आहेत. काहींच्या मते कोणालाही उघडता येईल अशा जागी आलेली कविता प्रकाशित, मग ती स्वतःच्या ब्लॉगवर का असेना. काही जण संपादित नियतकालिकात किंवा पुस्तकात आलेलीच कविता प्रकाशित मानतात. काही मधले: आता काढून टाकलेली असेल तर चालते. बंद गटात किंवा कार्यशाळेत वाचलेली कविता सहसा अप्रकाशित धरली जाते.

नियमावली गप्प असेल तर पत्रात एका वाक्यात खरं सांगा: 'ही कविता काही काळ समाजमाध्यमावर होती, आता काढली आहे.' हे लपवलं आणि मुद्रितशोधकानं पहिली ओळ शोधयंत्रात टाकून पाहिली, तर कविता शेवटच्या घडीला उतरवावी लागते आणि अंकात भोक पडतं. तसं झालं की त्या नावाची आठवण चुकीच्या कारणानं राहते.

---

तिरपी_रेघ

पोचपावतींशी सहमत, पण काढून टाकण्याच्या सल्ल्यावर एक भर: काढण्याआधी त्या नोंदीचा दिनांकासह स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. कविता दुसऱ्या कोणाच्या नावानं फिरू लागली तर पहिली तारीख दाखवता येते.

आता एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवण्याबद्दल. उत्तराला महिने लागतात, त्यामुळे एकामागून एक पाठवत बसलं तर एका कवितेची वर्षं जातात. म्हणून अनेक नियतकालिकं याला हरकत घेत नाहीत. अट दोन गोष्टींची: पाठवतानाच सांगायचं, आणि कुठे स्वीकारली गेली की बाकी सगळीकडून लगेच मागे घ्यायची. मागे घेण्याचं पत्र दोन ओळींचं असतं:

«अमुक तारखेला पाठवलेल्या चार कवितांपैकी 'उशिरा' अन्यत्र स्वीकारली गेली आहे, ती विचारातून वगळावी. बाकी तीन कविता आपल्या विचारासाठी कायम आहेत.»

दुसरं वाक्य विसरू नका. नाहीतर पूर्ण संचच मागे घेतला असं समजलं जातं. सबमिटेबलसारख्या कविता स्वीकारणाऱ्या ऑनलाइन प्रणालीवर पाठवलं असेल तर तिथलं मागे घेण्याचं बटण सबंध अर्ज रद्द करतं. एकच कविता काढायची असेल तर संदेशानं किंवा टिपणानं कळवावं लागतं. बरेच जण इथेच चुकतात.

जिथे 'फक्त आमच्याकडेच' अशी अट आहे तिथे ती पाळा, पण मुदत लिहिलेली आहे का हे पाहून. मुदत उलटली की एक पत्र पाठवून कविता मोकळी करून घ्या.

---

पोचपावती

प्रतीक्षेबद्दल. तीन ते सहा महिने नेहमीचे समजा. नियमावलीत मुदत दिली असेल तर ती उलटल्यावर आणखी पंधरा दिवस थांबून विचारा. मुदतच नसेल तर चार महिन्यांनी. विचारताना पाठवल्याची तारीख, कवितांची नावं आणि एक प्रश्न, एवढंच: 'या कविता अजून विचाराधीन आहेत का?' फोन करून विचारू नका. ज्यानं फोन उचलला त्याच्यासमोर तुमची कविता नसते.

लांबण हा काही नवा प्रकार नाही. टी. एस. एलियटची 'प्रूफ्रॉक' ही कविता कवी एझ्रा पाउंडनं १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये शिकागोच्या 'पोएट्री'कडे पाठवली. हे मासिक हॅरिएट मन्‍रो यांनी १९१२ मध्ये सुरू केलं होतं, पाउंड त्याचा परदेशी प्रतिनिधी होता, तो सतत पाठपुरावा करत होता. तरीही कविता छापली गेली १९१५ च्या जूनमध्ये.

नकाराचे प्रकार ओळखायला शिका. साचेबंद दोन ओळी आल्या तर त्यातून काहीच अर्थ काढू नका, तोच मजकूर सगळ्यांना जातो. 'आणखी कविता पाठवाव्यात' असं वेगळं लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्या. असं उगाच लिहून संपादक स्वतःचं काम वाढवत नाही. लगेच दुसऱ्या दिवशी न पाठवता पुढच्या वाचनकाळात पाठवा, आणि पत्रात त्या उत्तराचा एका वाक्यात उल्लेख करा. एखाद्या कवितेचं नाव घेऊन किंवा ओळीवर बोट ठेवून काही लिहिलं असेल तर ते सोन्यासारखं. बदल पटला तर करा, न पटला तर करू नका. पण सुधारून तीच कविता परत पाठवायची ती मागितली असेल तरच. नकारावर वाद घालणारं पत्र कधीही नको.

---

यतिभंग

वृत्तात लिहिणाऱ्यांसाठी. तुमची कविता बिघडवणारा माणूस बहुधा अत्यंत प्रामाणिक असतो: मुद्रितशोधक. तो शुद्धलेखनाचे नियम लावतो आणि मात्रा मोडते. नियमाप्रमाणे शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, म्हणून 'कवि'चं 'कवी' होतं, 'मधु'चं 'मधू'. जिथे लघु हवा होता तिथे गुरू येऊन बसतो. वाचणाऱ्याला वाटतं कवीला वृत्त सांभाळता आलं नाही.

उपाय: कवितेच्या शीर्षकाखाली किंवा फाइलच्या शेवटी वृत्ताचं नाव लिहा आणि सूट घेतलेल्या शब्दांची यादी द्या. नुसतं 'वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ तसेच ठेवावेत' एवढं पुरत नाही, कारण मुद्दाम केलेलं कुठलं आणि चुकून झालेलं कुठलं हे त्याला कळायला मार्ग नसतो. 'ओळ ३ कवि, ओळ ११ मधु' असं नेमकं द्या.

हेच 'केलं' आणि 'केले'चं. काही नियतकालिकं शीर्षबिंदूची रूपं सरसकट एकारान्त करतात. लेखात चालतं. कवितेत 'झालं गेलं'चं 'झाले गेले' केलं की बोलणारा माणूस बदलतो. बोलीतल्या 'व्हतं', 'हाय' यांचंही तसंच. यादीत घाला.

---

हंसपद

यतिभंग यांनी ज्याचा उल्लेख केला ते काम करणाऱ्यांच्या बाजूनं लिहितो. अशी यादी आली तर मुद्रितशोधकाला बरंच वाटतं, राग येत नाही.

प्रूफ मागून घ्या. सगळी नियतकालिकं ते आपणहून पाठवत नाहीत. स्वीकृतीचं पत्र आल्यावर त्याच उत्तरात विनंती करा: 'मांडणी झाल्यावर पानाची प्रतिमा पाहायला मिळाल्यास चोवीस तासांत तपासून देईन.' वेळेची हमी दिली की हो म्हणणं सोपं जातं. अंक छापखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी दोन दिवस मागणारा कवी कोणालाच परवडत नाही.

तपासण्याची रीत अशी. पहिल्या फेरीत कविता वाचायचीच नाही, फक्त मोजायची. मूळ फाइलमध्ये किती ओळी, प्रुफात किती? किती कडवी? प्रत्येक कडव्यात किती ओळी? आकडे जुळले नाहीत तर कुठेतरी ओळ तुटली आहे किंवा गळली आहे. पानाच्या तळाशी कडवं संपतं का हेही पाहा. तिथे कडव्यामधली मोकळी जागा नाहीशी होते.

दुसऱ्या फेरीत शेवटच्या ओळीपासून वर वाचत जा. सरळ वाचताना पाठ असलेली कविता डोळ्यांसमोर येते, छापलेली दिसत नाही. उलट वाचलं की प्रत्येक ओळ सुटी होते आणि पडलेला अनुस्वार दिसतो. अर्धचंद्र यांनी सांगितलेली ऱ्य, ऱ्ह, ॲ ही अक्षरं या फेरीत एकेक करून शोधा.

तिसरी फेरी फक्त विरामचिन्हांची. ही फेरी बहुतेक जण गाळतात, आणि कवितेचा अर्थ बहुतेक वेळा इथेच फिरतो. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचं उदाहरण घ्या. तिनं जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या आणि हयातीत जेमतेम दहा छापून आल्या. १४ फेब्रुवारी १८६६ ला 'स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन'नं तिची सापावरची कविता छापली. छापताना तिसऱ्या ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं. तिच्या मनात तिसरी आणि चौथी ओळ सलग होती. वाक्य ओळ ओलांडून पुढे जात होतं. त्या एका चिन्हानं ते तिथेच थांबवलं. तिच्याशी पत्रव्यवहार असलेले साहित्यिक हिगिन्सन यांना लिहिलेल्या पत्रात तिनं याची तक्रार केली आहे. शब्द एकही बदललेला नसताना ओळ हातची जाते ती अशी.

चौथी फेरी: आपलं नाव, शीर्षक, अनुक्रमणिकेतला पृष्ठक्रमांक, परिचय. नावातली चूक अनुक्रमणिकेत राहते, कारण ती वेगळी टाइप होते.

दुरुस्त्या कळवताना पानाच्या प्रतिमेवर लाल पेनानं गोल करून फोटो पाठवू नका. असं लिहा: 'पृ. ४७, कडवं २, ओळ ३: दर्या ऐवजी दऱ्या.' आणि प्रूफ हाती आलं म्हणून नवी ओळ सुचवू नका. एखादी चूक दुरुस्त करताना तिच्या शेजारी दुसरी होण्याचा धोका असतोच. नवा मसुदा घातला तर तो कितीतरी वाढतो. फारच गरज असेल तर त्याच लांबीचा एखादा शब्द, आणि 'शक्य असल्यास' असं म्हणून.

---

दुभाषी

हक्कांबद्दल थोडक्यात. कविता लिहिली की तिचा हक्क कवीचा होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. लेखकांच्या हक्कांबद्दलचा आंतरराष्ट्रीय बर्न करार १८८६ चा. १९०८ च्या बर्लिन दुरुस्तीपासून त्यात नोंदणीची अट राहिलेली नाही. नियतकालिकाला सहसा प्रथम प्रकाशनाची परवानगी दिलेली असते: ही कविता पहिल्यांदा आम्ही छापू, नंतर ती तुमची. स्वीकृतिपत्रात 'सर्व हक्क नियतकालिकाकडे' असं असेल तर सही करण्याआधी विचारा, आणि 'प्रथम प्रकाशनानंतर हक्क कवीकडे परत' असं वाक्य घालून मागा. चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: छापील अंक, वेबआवृत्ती, संग्रहात घेण्याची मुभा, आणि वेबवर किती काळ राहणार.

संग्रह काढताना 'पूर्वप्रकाशन' म्हणून नियतकालिकांचा उल्लेख करायचा असतो. अंक आणि पृष्ठाचा रकाना तक्त्यात असेल तर हे काम एका बैठकीत होतं.

अनुवाद पाठवणाऱ्यांनी मूळ कवीची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्यावी. अनुवादाचा हक्क बर्न करारात मूळ लेखकाचा आहे, आणि कवीच्या मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षं तो टिकतो. अनेक देशांत त्याहून जास्त. पाठवताना मूळ कविता, अनुवाद आणि परवानगी अशा तीन फाइल द्या. परवानगी मागताना नियतकालिकाचं नाव सांगू नका, 'नियतकालिकांत प्रकाशनासाठी' असं व्यापक मागा. नाहीतर एका ठिकाणी नकार आला की पुन्हा पहिल्यापासून.

---

पागोळी

'आपली कविता निवडली गेली आहे, सहभाग शुल्क भरा, प्रमाणपत्र मिळेल' असे संदेश येतात. त्यात आयएसएसएन क्रमांकही दिलेला असतो. विश्वास ठेवावा का?

---

तिरपी_रेघ

आयएसएसएन म्हणजे आठ अंकी ओळखक्रमांक, चार-चारच्या दोन गटांत, शेवटचा अंक तपासणीचा. तो नियतकालिक ओळखण्यासाठी असतो. दर्जाची तपासणी करून दिलेला नसतो. त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका. निवड झाल्यावर पैसे मागणं ही धोक्याची खूण आहे. तिथे निवड झालेलीच नसते, पैसे भरणाऱ्या प्रत्येकाची कविता छापली जाते. मागचा अंक मागून पाहा: चाळीस पानांत शंभर कविता आणि एकाही कवितेवर संपादनाचा हात दिसत नसेल तर उत्तर मिळालं.

वाचनशुल्क ही गोष्ट वेगळी. ते पाठवताना घेतात आणि निवडीशी त्याचा संबंध नसतो.

---

पोचपावती

वाचनशुल्काबद्दल मत वेगळं आहे. प्रणालीचा खर्च भागावा म्हणून लहानशी रक्कम घेणं समजू शकतं, पण दहा ठिकाणी पाठवणाऱ्या कवीला ती जड होते, आणि ज्याला परवडत नाही तो वाचलाच जात नाही. शुल्क घेणाऱ्या नियतकालिकानं वर्षातला काही काळ तरी विनाशुल्क ठेवायला हवा. काही ठेवतातही, नियमावलीत तो काळ शोधा आणि तेव्हाच पाठवा.

---

पागोळी

एक शेवटचं. कवितेला शीर्षक नसेल तर?

---

हंसपद

अनुक्रमणिकेत काहीतरी छापावं लागतंच. तुम्ही सांगितलं नाही तर कोणीतरी पहिले दोन-तीन शब्द उचलून शीर्षक करतं, आणि मग ते कवितेच्या डोक्यावरही ठळक अक्षरात येतं. पहिली ओळ दोनदा वाचली जाते. फाइलमध्ये कवितेच्या वर कंसात लिहा: 'शीर्षक नाही, अनुक्रमणिकेत पहिली ओळ घ्यावी, कवितेवर काही छापू नये.' दोन बिनशीर्षकाच्या कविता असतील तर त्यांच्यामध्ये तीन फुल्या टाकायला सांगा. नाहीतर त्या दोन्ही मिळून एकच कविता म्हणून छापल्या जातात.